स्प्लांख्निझोमाइ

स्प्लांख्निझोमाइ : बायबलच्या ग्रीक भाषेतील एक क्रियापद. अर्थ : कळवळा येणे, दुसऱ्याच्या दुःखाने पोटात तुटणे. नव्या करारात ते १२ वेळा येते : मत्तयाच्या शुभवर्तमानात ५, मार्कच्या ४ आणि लूकच्या ३ वेळा. योहानाचे लेखन, प्रेषितांची कृत्ये, पत्रे आणि प्रकटीकरण यांत ते एकदाही नाही. ते ज्या नामापासून बनले ते स्प्लांख्ना (एकवचन स्प्लांख्नोन) नव्या करारात ११ वेळा आढळते. त्यांपैकी ८ वेळा पौलाच्या नावावरील पत्रांत.

स्प्लांख्ना म्हणजे हृदय, फुप्फुसे, यकृत, प्लीहा, मूत्रपिंडे ही शरीराच्या पोकळीतील ठसठशीत अंगे. आयुर्वेदातील ‘कोष्ठांगे’ ही संज्ञा याच्या बरीच जवळ जाते. फरक असा, की आतड्यांसाठी ग्रीकमध्ये एन्तेरा हा वेगळा शब्द होता आणि जुने लेखक हा भेद सहसा पाळत. या नामाचे नाते स्प्लेन (प्लीहा, पाणथरी) या ग्रीक शब्दाशी लावले जाते, आणि त्याच्याद्वारे संस्कृत प्लीहन्, अवेस्तातील स्पॅरॅझन् व लॅटिन लिएन यांच्याशी. अर्थ जुळतो, ध्वनी नीट जुळत नाहीत. संस्कृतात आरंभीचा ‘स’ नाही, लॅटिनमध्ये ‘स्प’ हे सगळेच गळाले आहे, तर ग्रीक नामात मध्येच एक अनुनासिक शिरला आहे. अवयवांची नावे अशुभ मानून मुद्दाम मोडतोड करून उच्चारली जात असावीत, असा खुलासा काही व्युत्पत्तिकारांनी केला आहे. तो अशक्य नाही. पण नियमात न बसणाऱ्या कुठल्याही शब्दाला तो लावता येतो, ही त्याची अडचण. हे शब्द एका कुळातले आहेत एवढे मान्य करावे आणि मूळ इंडो-युरोपीय रूप एकच होते असा आग्रह धरू नये, हे अधिक सुरक्षित दिसते.

होमरच्या काव्यात यज्ञपशूच्या मांड्या जाळून झाल्यावर उपस्थित लोक स्प्लांख्ना चाखतात आणि उरलेले मांस त्यानंतर भाजले जाते. आतील अंगे आधी, सर्वांनी मिळून खायची, असा हा विधी होता. शकुन पाहण्यासाठीही ती तपासली जात. भावनेचे स्थान म्हणून हा शब्द इ. स. पू. पाचव्या शतकातील अथेन्सच्या नाटकांत दिसू लागतो. इस्किलसकडे स्प्लांख्ना अनिष्टाची चाहूल देतात, युरिपिडीझच्या मीडियाच्या तोंडी माणसाचे ‘स्प्लांख्नोन’ म्हणजे त्याचा खरा अंतःस्वभाव, तर ॲरिस्टोफेनीसच्या एका पात्राचे स्प्लांख्ना रागाने खवळतात. राग, धास्ती, स्वभाव हे सर्व येथे आहे. दया मात्र अभिजात ग्रीकमध्ये या शब्दाला क्वचितच चिकटलेली आढळते. दयेसाठी एलेओस आणि ओइक्तोस हे शब्द होते.

नामातला हा अर्थ दयेकडे वळला कुठे, आणि त्यापासून क्रियापद बनवले कोणी, हा या नोंदीतील मुख्य वादाचा मुद्दा. इंग्रज बायबल-अभ्यासक जे. बी. लाइटफूट यांनी १८६८ मध्ये पौलाच्या फिलिप्पैकरांस पत्रावर भाष्य करताना असे सुचवले, की हे क्रियापद अभिजात ग्रीकमधील नसून पॅलेस्टाइनबाहेर पांगलेल्या ग्रीकभाषिक ज्यूंनी ते घडवले असावे. हा तर्क बहुतेकांनी पुढे स्वीकारला. त्याला एक मुरड घालावी लागते. ‘मक्काबी’च्या दुसऱ्या पुस्तकात (६.८) स्प्लांख्निझेइन हे कर्तरी रूप येते, पण तेथे त्याचा दयेशी काही संबंध नाही. सेल्युसिड राजा चौथा अँटिओकस याने केलेल्या ज्यूंच्या छळाच्या वेळी आसपासच्या ग्रीक नगरांतही ज्यूंना यज्ञातील अंगे खायला लावावीत असे फर्मान निघाले. ते ‘खायला लावणे’ या क्रियापदाने सांगितले आहे. म्हणजे क्रियापद होते, पण विधीच्या अर्थाने. दयेचा अर्थ कर्मणी वळणाच्या रूपाला मिळाला, आणि तोही बहुधा निराळ्या वाटेने.

ती वाट हिब्रूतून येते असे सर्वसाधारण मत आहे. हिब्रूत रेहेम म्हणजे गर्भाशय आणि रहमीम म्हणजे माया, करुणा. मराठीत ‘आतड्याची माया’ म्हणतो तेव्हा हाच विचार बोलतो. इ. स. पू. तिसऱ्या शतकापासून टप्प्याटप्प्याने झालेल्या सेप्टुआजिंट या हिब्रू बायबलच्या ग्रीक भाषांतरात रहमीमसाठी स्प्लांख्ना यावा अशी अपेक्षा असते; तो तेथे जवळपास येत नाही. भाषांतरकारांचा नेहमीचा पर्याय ओइक्तिर्मोइ हा आहे. जेथे शरीर टाळता येत नाही तेथे त्यांनी दुसरेच शब्द घेतले. धाकट्या भावाला पाहून योसेफाचे रहमीम पेटतात (उत्पत्ती ४३.३०), तेथे ग्रीकमध्ये एन्तेरा, म्हणजे आतडी, पिळवटतात. शलमोनापुढे उभ्या असलेल्या खऱ्या आईच्या बाबतीत (१ राजे ३.२६) तर थेट मेत्रा, म्हणजे गर्भाशय, हलते. नीतिसूत्रांच्या ग्रीक पाठात मात्र बदल दिसतो. दुष्टांचे स्प्लांख्ना निर्दय असतात (१२.१०), असे तेथे रहमीमच्या जागी आले आहे, आणि १७.५ मध्ये एपिस्प्लांख्निझोमेनोस हे उपसर्गयुक्त रूप, ‘दया करणाऱ्यावर दया होईल’ अशा अर्थाच्या वाक्यात येते. ते हिब्रू मूळात नाही; ग्रीककाराने पदरचे घातले आहे.

हा बदल पूर्ण झालेला दिसतो तो ‘बारा कुलपतींचे मृत्युपत्र’ (याकोबाच्या बारा पुत्रांच्या तोंडी घातलेले अखेरचे उपदेश) या ग्रंथसमूहात, विशेषतः त्यांपैकी जबुलूनच्या भागात. थंडीत उघडा पडलेला माणूस पाहून जबुलूनला कळवळा येतो (स्प्लांख्निस्थेइस) आणि तो घरातले वस्त्र गुपचूप काढून त्याला देतो. दुसऱ्या वेळी देण्यासारखे काहीच नसते, म्हणून तो त्या गरजवंताबरोबर सात स्टेडिया (अंतराचे ग्रीक माप) रडत चालत जातो, आणि त्याचे स्प्लांख्ना त्याच्यासाठी कालवतात. मुलांना तो सांगतो, कळवळ्याने सर्वांवर दया करा. जर्मन अभ्यासक हेल्मुट कोस्टर यांनी या ग्रंथावर भर देऊन असे मांडले, की येथे स्प्लांख्ना हा रहमीमचा सरळ प्रतिशब्द झाला आहे आणि शुभवर्तमानांतील प्रयोग याच परंपरेतून आला. मांडणी पटण्यासारखी आहे, पण ती ग्रंथाच्या काळावर उभी आहे, आणि काळच वादग्रस्त. आर. एच. चार्ल्स यांनी मूळ ग्रंथ हिब्रू व इ. स. पू. दुसऱ्या शतकातील मानला. मारिनस द योंगे यांनी १९५३ पासून तो सध्याच्या रूपात ख्रिस्ती, सुमारे इ. स. दुसऱ्या शतकातील असल्याचे प्रतिपादन केले. द योंगे यांचे मत ग्राह्य धरल्यास जबुलूनने शुभवर्तमानांना शब्द दिला की शुभवर्तमानांनी जबुलूनला, हे उलटसुलट होऊ शकते. नीतिसूत्रांतील पुरावा या वादाबाहेरचा असल्याने अर्थबदल ख्रिस्तपूर्व ज्यू ग्रीकमध्ये सुरू झाला होता एवढे म्हणता येते. तो पक्का नेमका केव्हा झाला, हे जबुलूनवरून ठरवू नये.

व्याकरणदृष्ट्या शुभवर्तमानांतील सर्व रूपे मध्यम-कर्मणी, म्हणजे क्रिया कर्त्यावरच घडते अशा वळणाची आहेत. सहा ठिकाणी एस्प्लांख्निस्थे (‘त्याला कळवळा आला’), चार ठिकाणी स्प्लांख्निस्थेइस हे कृदंत, आणि दोन ठिकाणी वर्तमानकाळी प्रथमपुरुषी रूप. ही दोन्ही चार हजारांना जेवू घालण्याच्या प्रसंगातली (मत्तय १५.३२, मार्क ८.२), तेथे येशू स्वतःच ‘मला या लोकांचा कळवळा येतो’ असे म्हणतो. ज्याच्याविषयी कळवळा येतो त्यापूर्वी बहुधा एपि हे अव्यय येते, मत्तय ९.३६ मध्ये पेरि. मत्तय १८.२७ मधील ‘त्या दासाचा’ ही षष्ठी क्रियापदाला जोडायची की ‘धनी’ या नामाला, यावर व्याकरणकारांत एकमत नाही. नामाला जोडणे सरळ वाटते, कारण षष्ठीचा असा दुसरा प्रयोग नव्या करारात नाही.

कर्ता कोण, हे लक्षणीय आहे. बारांपैकी आठ ठिकाणी कथनातील कर्ता येशू, मार्क ९.२२ मध्ये आजारी मुलाचा बाप त्याच्याकडेच कळवळ्याची याचना करतो. उरलेली तीन ठिकाणे दृष्टांतांतील, म्हणजे कर्ज माफ करणारा धनी, शोमरोनी वाटसरू आणि उधळ्या पुत्राचा बाप. प्रत्यक्षातल्या इतर कोणाही माणसाविषयी हे क्रियापद वापरलेले नाही. क्रमही बहुधा ठरलेला : पाहिले, कळवळा आला, काही केले. नाईन गावच्या विधवेचा एकुलता एक मुलगा तिरडीवर आहे, प्रभू तिला पाहतो, त्याला कळवळा येतो, तो ‘रडू नको’ म्हणतो (लूक ७.१३). शोमरोन्याच्या दृष्टांतात याजक आणि लेवीही जखमी माणसाला पाहतात. त्यांच्या बाबतीत मधले क्रियापद गळते आणि ते पलीकडून निघून जातात. भावना आणि कृती यांसाठी शब्दही वेगळे आहेत. शोमरोन्याला कळवळा आला असे कथन सांगते, पण शेवटी शास्त्री त्याचे वर्णन ‘ज्याने एलेओस केले तो’ असे करतो. अरिस्टॉटलच्या व्याख्येनुसार एलेओस हे कोणावर दोष नसताना कोसळलेल्या दुःखाबद्दल वाटते; उधळ्या पुत्राने आपले दुःख स्वतः ओढवून घेतले होते, तेथे लूकने एलेओसऐवजी हे क्रियापद वापरले, हे योगायोगाने झाले असेलही.

सर्वांत जास्त शाई मार्क १.४१ वर खर्ची पडली आहे. कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. बहुसंख्य हस्तलिखितांत येशूला ‘कळवळा येऊन’ (स्प्लांख्निस्थेइस) तो हात पुढे करतो. कोडेक्स बेझी या सुमारे इ. स. ४०० च्या, १५८१ पासून केंब्रिज विद्यापीठाकडे असलेल्या ग्रीक-लॅटिन हस्तलिखितात मात्र ‘रागावून’ (ऑर्गिस्थेइस) असा पाठ आहे, आणि काही जुन्या लॅटिन प्रती त्याला दुजोरा देतात. रागाच्या पाठामागचा युक्तिवाद असा : लेखनिक राग पुसून कळवळा घालेल, कळवळा पुसून राग घालणार नाही. शिवाय हीच कथा सांगताना मत्तय (८.३) आणि लूक (५.१३) दोघेही हा शब्द गाळतात, मार्क ३.५ मधील येशूचा रागही त्यांनी असाच गाळला आहे. यातील लूकची साक्ष कमकुवत आहे, कारण मार्कमधला कळवळा त्याने एकाही ठिकाणी उचललेला नाही. त्याचे तिन्ही प्रयोग त्याच्या स्वतंत्र सामग्रीतले. मत्तयाची साक्ष वजनदार. त्याला हा शब्द आवडतो, इतका की यरीहोजवळच्या आंधळ्यांच्या कथेत (२०.३४) मार्ककडे तो नसताना त्याने घातला. समोर आयता असता तर त्याने तो का सोडावा?

उलट बाजूने असे म्हटले जाते, की मार्क १०.१४ मधील येशूचा संताप लेखनिकांनी तसाच ठेवला, मग येथेच पुसायचे कारण नव्हते. आणि एका ग्रीक प्रतीच्या जोरावर बाकी सर्व परंपरा बाजूला सारणे धाडसाचे. सिरियाक भाषेत एथ्रहम (कळवळा आला) आणि एथ्रएम (रागावला) हे शब्द कानाला जवळचे असल्याने गोंधळ तेथून सुरू झाला, असाही एक तर्क आहे. चतुर आहे, पण सिरियाकमधली चूक पश्चिमेकडील ग्रीक-लॅटिन प्रतीत कशी पोचली ते त्याला सिद्ध करावे लागते. अभ्यासक बार्ट एर्मन यांनी रागाचा पक्ष जोरकसपणे मांडला, नव्या कराराची २०१० ची एसबीएल (सोसायटी ऑफ बिब्लिकल लिटरेचर) ग्रीक आवृत्ती तोच पाठ घेते. नेस्ले-आलंड या अभ्यासकांत प्रचलित ग्रीक आवृत्तीत कळवळा कायम आहे. अंतर्गत पुरावा रागाकडे झुकतो, हस्तलिखितांचा कळवळ्याकडे. प्रचलित पाठ ठेवून दुसरा तळटीपेत द्यावा, हे आजतरी योग्य.

पौल क्रियापद वापरत नाही, पण नाम त्याच्याकडे खूप जिवंत आहे. पळून आलेल्या अनेसिम या दासाला परत पाठवताना तो फिलेमोनाला लिहितो, की हा माझे स्प्लांख्नाच आहे, म्हणजे काळजाचा तुकडा. प्रेषितांची कृत्ये १.१८ मध्ये येशूचा विश्वासघात करणाऱ्या यहूदाचे पोट फुटून स्प्लांख्ना बाहेर पडतात, तेथे शब्द पुन्हा निव्वळ शरीराचा. एउस्प्लांख्नोस हे विशेषण नव्या करारात ‘कनवाळू’ आहे. हिप्पोक्रेटिसच्या नावावरील वैद्यकीय लेखनात तेच ‘ज्याची आतली अंगे निरोगी आहेत असा’.

प्रवचनांतून या क्रियापदाचा अर्थ ‘आतडी पिळवटणे’ असा शब्दशः सांगण्याची पद्धत आहे. १९६१ मध्ये बायबल-अभ्यासक जेम्स बार यांनी मूळ धातूवरून अर्थ काढण्याच्या सवयीवर जी सर्वसाधारण टीका केली, ती येथेही लागू पडते : पहिल्या शतकातल्या बोलणाऱ्याला प्रत्येक वेळी यज्ञातले यकृत आठवत असेल, असे मानायला आधार नाही. दुसऱ्या शतकातील ‘हर्मासचा मेंढपाळ’ व क्लेमेंटच्या नावावरील दुसरे पत्र या ख्रिस्ती लेखनांत हे क्रियापद देवाच्या दयेसाठी येते. आधुनिक ग्रीकमध्ये स्प्लाख्निझोमे हे रूप रोजच्या वापरात आहे, आणि दगडाच्या काळजाच्या माणसाला आस्प्लाख्नोस म्हणतात.

व्हल्गेट या लॅटिन बायबलने लूकमधील क्रियापद ‘दयेने हलला’ अशा वळणाने भाषांतरित केले, मात्र लूक १.७८ मधील नामासाठी ‘विस्केरा’ हा शारीरिक शब्द ठेवला. मराठी बायबलच्या प्रचलित आवृत्तीत मत्तय ९.३६, लूक १०.३३ व १५.२० या ठिकाणी ‘कळवळा आला’ असेच आहे. संतवाङ्मयातून रुळलेला हा शब्द अवयवाचे नाव न घेताही शरीरातली कळ सुचवतो, आणि ‘कळवळा येणे’ ही रचना मूळ क्रियापदाच्या कर्मणी वळणाशीही जुळते : कळवळा माणूस करत नाही, तो त्याला येतो. ‘दया केली’ या पर्यायात हे दोन्ही निसटते.