'पुढे काय?' कळू लागलं की…

सप्टेंबर १९९९मध्ये नेदरलँड्समध्ये काही अनोळखी माणसांना एका घरात ठेवून त्यांच्यावर चोवीस तास कॅमेरे रोखले गेले आणि 'बिग ब्रदर' सुरू झाला. तोच साचा २००६ साली हिंदीत 'बिग बॉस' म्हणून आला, २०१८मध्ये मराठीत. मग गोव्यात डिचोलीच्या बाजारात आणि फोंड्याच्या कदंब बसस्टँडवरही काल रात्री घरात कोण कोणाला काय बोललं, याची उजळणी होऊ लागली. भांडी कोणी घासायची यावरून परक्या माणसांत जुंपते, आपलं त्यात काहीच जात नाही, तरी रिमोट हातचा सुटत नाही.

रिकामटेकड्यांचा उद्योग म्हणून हे झटकून टाकता येतं, पण ते खरं नाही. दुसऱ्यांची उठाठेव हा माणसाचा फार जुना स्वभाव आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी १९९७मध्ये सार्वजनिक ठिकाणी रंगलेल्या गप्पांची नोंद केली, तेव्हा बोलण्याचा सुमारे दोन तृतीयांश वेळ माणसांविषयीच्या गोष्टींत जात असल्याचं दिसलं. कळपात राहणाऱ्या प्राण्याला कोण कोणाच्या बाजूचा, कोण फसवतो हे ठाऊक असावंच लागतं. रिॲलिटी शो ही माहिती घरपोच देतो.

मात्र नुसती उठाठेव रोज त्याच वेळी टीव्हीसमोर आणून बसवत नाही. त्यामागे मेंदूचा अंदाज बांधण्याचा खटाटोप आहे. मेंदूशास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या, डोपामिन हे रसायन सोडणाऱ्या पेशींचं निरीक्षण केलं. अवचित फळांचा रस मिळाला की त्या पेशी जोरात चेतायच्या. दिवा लागला की रस मिळतो हे माकड शिकलं, की त्या दिव्यालाच चेतायच्या आणि रस आला तरी फारशी दाद द्यायच्या नाहीत. दिवा लागून रस आलाच नाही, तर मंदावायच्या. म्हणजे त्यांना रसापेक्षा अंदाज आणि घडलेली गोष्ट यांतला फरक महत्त्वाचा. पणजीला मांडवीत नांगरलेल्या कॅसिनोंचा धंदाही बराचसा याच फरकावर चालतो. रोज ठरावीक रक्कम मिळू लागली तर तिथे कोण जाईल?

आता निर्मात्याची अडचण बघा. घरातली माणसं खरोखर चोवीस तास जगतात आणि खरं जगणं बहुतांशी कंटाळवाणं असतं. त्यातून रोज तासाभराचा कार्यक्रम काढायचा तर कात्री चालवावीच लागते. रशियन दिग्दर्शक लेव्ह कुलेशोव्ह यांनी शंभरेक वर्षांपूर्वी एका नटाचा तोच निर्विकार चेहरा कधी सूपच्या वाडग्याला, तर कधी शवपेटीला जोडून दाखवला. प्रेक्षकांना म्हणे त्यात कधी भूक दिसली, कधी दुःख. पुढे हा प्रयोग पुन्हा करणाऱ्यांना संमिश्र निकाल मिळाले, पण संकलकांनी धडा घेतलाच. तिसऱ्याच प्रसंगातला कटाक्ष भांडणाला जोडला की खलनायक तयार. त्यावर ढोल, तीन वेळा तोच चेहरा, आणि ऐन क्षणी जाहिरात.

युक्ती चालली, म्हणून रोज चालवली. इथेच घात झाला. गाण्याच्या स्पर्धेत स्पर्धकाच्या गरिबीची चित्रफीत सुरू झाली, की परीक्षक रडणार हे पेडण्यातली आजीही आधीच सांगते. ढोल वाजला की कोणी बाहेर जाणार नाही, हेही कळतं. शुल्ट्झ यांच्या माकडासारखा प्रेक्षक दिव्यालाच ओळखू लागला. मग आवाज वाढवायचा, शिव्या वाढवायच्या. मेंदू त्यालाही सरावतो.

पेडण्याच्या आजीला दशावतारात मात्र कंटाळा येत नाही. तिथे कथा पुराणातली, शेवट पोराटोरांना पाठ. पण संवाद लिहिलेले नसतात. नट रंगमंचावर जागच्या जागी बोलतो, समोरचा काय उत्तर देईल हे त्यालाही ठाऊक नसतं. चूक झालीच, तर ती सगळ्यांदेखत सावरावी लागते. रिॲलिटी शोने शेवट लपवला आणि बाकी सारं साच्यात ओतलं. मला तर दशावतारच जास्त 'रिॲलिटी' वाटतो.

अमेरिकेतल्या 'अमेरिकन आयडॉल'ला २००६च्या सुमारास सरासरी तीन कोटी प्रेक्षक होते. २०१६मध्ये फॉक्स वाहिनीने तो बंद केला, तेव्हा एक कोटीच्या आसपास उरले होते. दोन वर्षांनी तो दुसऱ्या वाहिनीवर परतला, पण ते दिवस परतले नाहीत. एव्हाना 'पुढे काय?'ची भूक भागवणारं यंत्र प्रत्येकाच्या खिशात आलं होतं. अंगठा सरकवला की पुढचा व्हिडिओ, तो रद्दी निघेल की भन्नाट हे आधी कळत नाही, आणि त्यासाठी रात्रीपर्यंत थांबावं लागत नाही.

टीव्हीनेही हे ओळखलंय. पूर्वी सामान्य माणूस शोमध्ये जाऊन प्रसिद्ध व्हायचा. आता फोनवर आधीच प्रसिद्ध झालेल्याला शोमध्ये बोलावतात. २०२४मध्ये मराठी 'बिग बॉस'चा पाचवा हंगाम जिंकलेला सूरज चव्हाण लोकांना आधी माहीत झाला तो टिकटॉकवर.