नव्या व्हर्जनचं प्रोजेक्ट जुन्यात का उघडत नाही: थोडी पार्श्वभूमी

नाशकात लग्नाच्या सीझनला एका कामाचे तीन वाटे होतात, शूटिंग एकाचं, मिक्सिंग म्हणजे एडिटिंग सिडकोतल्या कोणाकडे, कलर आणि टायटल कॉलेज रोडला तिसऱ्याकडे. 2027 च्या सिंहस्थाची कामं निघाली की हे अजून वाढणार. हार्डडिस्क फिरत फिरत येते, फुटेज सगळं असतं आणि प्रोजेक्टवर (कुठली क्लिप कुठे कापली-जोडली याची नोंद ठेवणारी एडिटिंग सॉफ्टवेअरची फाइल) डबल क्लिक केलं की मेसेज, ही फाइल नव्या व्हर्जनमध्ये बनलीये. मग फोनाफोनी, "तू अपडेट का मारलंस?"

आपल्या फाळक्यांना ही कटकट नव्हती. नाशकात त्यांची कंपनी चालायची तेव्हा माल म्हणजे कडेला भोकं असलेली 35 मिलीमीटरची फिल्म, ती कुणी, कुठल्या टेबलावर कापून जोडली याच्याशी प्रोजेक्टरला काही घेणंदेणं नव्हतं.

व्हिडिओ टेप आली आणि कट कागदावर गेला. सीबीएस आणि मेमोरेक्स या अमेरिकन कंपन्यांनी मिळून सीएमएक्स कंपनी काढली, 1971 मध्ये त्यांचं कॉम्प्युटरवर एडिटिंग करायचं मशीन सीएमएक्स 600 आलं, पुढे सीएमएक्स 3600 ची ईडीएल, म्हणजे कटांची यादी, सगळीकडे चालायला लागली. ईडीएल म्हणजे साधी टेक्स्ट फाइल, नोटपॅडमध्ये उघडा. एका ओळीत नंबर, टेपचं नाव, कट की डिझॉल्व्ह, मग चार टाइमकोड (तास-मिनिट-सेकंद-फ्रेम असा प्रत्येक फ्रेमचा पत्ता): टेपवरून कुठून कुठे उचलायचं आणि फायनलमध्ये कुठून कुठे बसवायचं. एकच व्हिडिओ ट्रॅक, जास्तीत जास्त 999 एडिट. गरीब होती पण कोणालाही वाचता यायची.

मग एडिटिंगची सॉफ्टवेअरं आली, 1989 ला अ‍ॅव्हिड, 1991 ला अ‍ॅडोबीचं प्रीमियर, 1999 ला अ‍ॅपलचं फायनल कट प्रो, आणि प्रत्येकाने आपापली प्रोजेक्ट फाइल काढली. माझ्या मते खरी गोम इथेच आहे, ही फाइल दुसऱ्याला द्यायला बनवलेलीच नाही, ती त्या सॉफ्टवेअरची स्वतःची खतावणी आहे. नव्या व्हर्जनला जुनं कसं वाचायचं ते माहीत असतं, जुन्याला पुढे काय येणार ते कसं कळणार. अ‍ॅडोबीच्याच आफ्टर इफेक्ट्समध्ये (टायटल-इफेक्टचं सॉफ्टवेअर) निदान मागच्या व्हर्जनसाठी कॉपी सेव्ह करायची सोय होती, प्रीमियरवाले वर्षानुवर्षं त्यासाठी रडले.

म्हणून जुगाड निघाला. प्रीमियरची प्रोजेक्ट फाइल आतून जीझिप केलेलं (दाबून लहान केलेलं) एक्सएमएल, म्हणजे खुणा लावलेली टेक्स्ट फाइल, असते, ती अनझिप करायची, वरच्या ओळींमध्ये प्रोजेक्टच्या व्हर्जनचा आकडा सापडतो, तिथे 1 टाकायचा आणि सेव्ह. बऱ्याचदा उघडते. नव्या व्हर्जनचे इफेक्ट मात्र गळतात, म्हणून कॉपीवरच करा!

सगळ्यात मोठा गोंधळ जून 2011 चा. फायनल कट प्रो एक्स आलं आणि ते फायनल कट 7 चे प्रोजेक्ट उघडेचना, एकाच कंपनीचं, नावही तेच! गंमत म्हणजे 7 बंद झालं तरी टाइमलाइन बाहेर द्यायचं त्याचं एक्सएमएल अजून जिवंत आहे, प्रीमियरमधून रिझॉल्व्हमध्ये (ब्लॅकमॅजिकचं कलर आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर) टाइमलाइन न्यायला आजही लोक तेच काढतात.

आपल्याकडे मिक्सिंगवाल्यांचं लाडकं एडिटिंग सॉफ्टवेअर एडियस. एडियस 7 ला 64 बिट विंडोज लागायची, त्यामुळे जुन्या मशीनवाले 6 वरच अडकले. 2013 ला अ‍ॅडोबीने नवी व्हर्जन कायमची विकायचं सोडून फक्त क्रिएटिव्ह क्लाउडचं भाडं ठेवलं आणि अपडेट ही दरवर्षीची गोष्ट झाली, त्यात 2019 पासून फक्त शेवटची दोन मोठी व्हर्जन डाउनलोडला ठेवली, म्हणजे जुनं मागून घ्यायचा रस्ताही अरुंद झाला.

रिझॉल्व्हने वेगळा मार्ग धरला, प्रोजेक्ट डेटाबेसमध्ये. 2017 च्या 14 व्या व्हर्जनपासून एकाच प्रोजेक्टवर अनेक जण बसू शकतात, 2022 पासून ब्लॅकमॅजिक क्लाउडवरूनही. पण सगळ्यांचं व्हर्जन जुळायला पाहिजे, डेटाबेस एकदा अपग्रेड केला की जुनं रिझॉल्व्ह त्याला हात लावत नाही, अपग्रेडच्या आधी बॅकअप हवाच.

अ‍ॅनिमेशनवाल्या पिक्सारने ओपनटाइमलाइनआयओ, म्हणजे टाइमलाइन एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात न्यायचा फॉरमॅट, मोफत खुलं केलं, ते एका अर्थाने जुन्या ईडीएलचंच काम पुढे नेतंय, फक्त ट्रॅक अनेक. कट आणि क्लिपच्या जागा जातात, कलर आणि प्लगइनचे इफेक्ट जातीलच असं नाही. त्यामुळे अजून तरी हार्डडिस्कसोबत तीन गोष्टी द्या: प्रोजेक्ट, एक्सएमएल आणि वर टाइमकोड छापलेला हलका एमपी4, म्हणजे समोरच्याकडे काही उघडलं नाही तरी कट कुठे होता ते दिसतं.