कोरडे उमासे: मोठ्या कुत्र्याच्या पोटातला पीळ

मोठ्या अंगाचा, खोल छातीचा कुत्रा पुन्हा पुन्हा उमासे काढतोय आणि तोंडातून चिकट लाळ किंवा पांढरा फेस यापलीकडे काही पडत नाही, असं दिसलं की सकाळ होण्याची वाट पाहायची नाही. ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, डॉबरमॅन, सेंट बर्नार्ड, रॉटवायलर, बॉक्सर असलेल्या घरात एवढी एक गोष्ट सगळ्यांना पाठ असली तरी पुष्कळ कुत्री वाचतील. या दुखण्याचं नाव गॅस्ट्रिक डायलेटेशन व्हॉल्व्युलस. डॉक्टर त्याला जीडीव्ही म्हणतात. आधी जठर वायूने फुगतं, मग स्वतःभोवती फिरतं. नुसतं फुगलेलं जठर आणि पीळ पडलेलं जठर यांत जीवनमरणाचा फरक आहे, पण तो घरी बसून कळत नाही. त्याला एक्स-रे लागतो.

जठराला दोन वाटा असतात. वर अन्ननलिका, खाली आतड्याकडे जाणारं तोंड. जठर फिरलं की चॉकलेटच्या वेष्टनासारखा दोन्ही टोकांना पीळ बसतो. मग ढेकर येत नाही, उलटी होत नाही, अन्न पुढेही सरकत नाही. उमासे कोरडे राहतात ते यामुळेच. पीळ साधारणपणे १८० ते २७० अंशांचा असतो, कधी पूर्ण ३६० अंशांचाही. प्लीहा (स्प्लीन) जठराला पडद्याने जोडलेली असल्यामुळे तीही सोबत ओढली जाते आणि तिच्या रक्तवाहिन्या मुरगळतात.

जीव जातो तो मात्र रक्ताभिसरण कोसळल्याने. फुगलेलं जठर पोटातल्या महाशिरेवर दाब देतं. मागच्या धडातलं रक्त हृदयाकडे परतेनासं होतं, हृदयात भरायलाच रक्त कमी पडतं, रक्तदाब घसरतो. जठराच्या स्वतःच्या भिंतीलाही रक्त मिळत नाही. ती आधी जांभळी, मग काळी पडते आणि शेवटी फाटू शकते. हे सगळं काही तासांचं काम. लक्षणं सुरू झाल्यापासून सहा तासांपेक्षा जास्त वेळ गेला तर वाचण्याची शक्यता ठळकपणे कमी होते.

वायू येतो कुठून, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. गिळलेली हवा हे जुनं उत्तर, जठरात अन्न आंबून वायू तयार होतो हे दुसरं. बहुधा दोन्हींचा वाटा असावा.

इथे एक सावधगिरी. गावाकडे गाय-म्हैस फुगली की गोडंतेल पाजतात, आणि फेसाच्या पोटफुगीत जनावरांना त्याचा उपयोगही होतो. तोच उपाय कुत्र्यावर करायला जाऊ नका. पीळ पडला असेल तर तेल जठरात पोहोचतच नाही, आणि उमासे काढणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात ओतलेलं तेल फुप्फुसात जातं. ओवा-हिंगाचं पाणी, इनो, सोडा, माणसांच्या गॅसच्या गोळ्या यांचंही तेच. सगळ्यात मोठं नुकसान म्हणजे ‘दिलंय औषध, बघू अर्ध्या तासात’ म्हणून गेलेला तो अर्धा तास.

सुरुवातीची खूण बहुतेक वेळा अस्वस्थपणा असते. कुत्रा एका जागी बसत नाही, आडवा होतो आणि लगेच उठतो, मान वळवून स्वतःच्या कुशीकडे बघतो, लाळ गाळतो, पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवतो आणि मागचा भाग वर ठेवतो. मग उमासे. पोट शेवटच्या बरगडीच्या मागे ताठ होतं आणि बोटाने टिचकी मारली तर पोकळ घुमतं. पण पोट फुगलेलं दिसलंच पाहिजे असा आग्रह धरू नका. जर्मन शेफर्ड आणि डॉबरमॅनसारख्या कुत्र्यांत जठर बरगड्यांच्या पिंजऱ्याआड फुगतं आणि बाहेरून पोट जवळजवळ नेहमीसारखंच दिसतं. कारवानी कुत्र्यांचीही छाती अशीच खोल, पोट आत ओढलेलं. त्यांच्या मालकांनीही हे ध्यानात ठेवावं. कुत्रा धडधाकट असताना शेवटच्या बरगडीमागे शिंप्याच्या टेपने घेर मोजून लिहून ठेवला, तर रात्री शंका आल्यावर तुलनेला काहीतरी हाताशी असतं.

हिरड्या बघायला शिका. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोटाने दाब द्यायचा आणि सोडायचा. पांढरी झालेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. त्याहून जास्त वेळ लागला किंवा हिरडी मुळातच फिकट, राखाडी दिसली, तर रक्ताभिसरण ढासळायला लागलंय. नाडी मांडीच्या आतल्या बाजूला, वरच्या भागात लागते. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं. विश्रांतीत असलेल्या मोठ्या कुत्र्याची नाडी साधारण ६० ते १००, फार तर १२०. हे दोन्ही आधी आठ-दहा वेळा सरावाने करून बघा, कारण घाबरलेल्या हाताला नाडी सापडत नाही. एप्रिल-मेमध्ये एक गोंधळ हमखास होतो: धापा टाकणारा, लाळ गाळणारा कुत्रा बघून उष्माघात समजतात आणि त्याच्यावर पाणी ओतत बसतात. उष्माघातात हिरड्या बहुधा लालभडक असतात आणि अंग तापलेलं असतं. पण जीडीव्हीतही सुरुवातीला हिरड्या लाल दिसू शकतात, म्हणून कोरडे उमासे असतील तर हा वाद घरात घालू नये.

आता निघायचं कुठे? ठाणे आणि नवी मुंबईतली बरीच क्लिनिकं रात्री नऊ-दहाला बंद होतात, आणि प्रत्येक चोवीस तास उघड्या दवाखान्यात रात्री शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर असतोच असं नाही. म्हणून हा शोध कुत्रा ठणठणीत असताना घ्यायचा. दोन-तीन दवाखान्यांना फोन करून नेमकं विचारा: रात्री दोन वाजता डॉक्टर प्रत्यक्ष हजर असतात का? एक्स-रे होतो का? जठरातला वायू काढता येतो का? जीडीव्हीची शस्त्रक्रिया तिथेच होते की पुढे पाठवता? उत्तरं कागदावर लिहून फ्रीजला लावा.

अनेकांच्या मनात थेट परळ असतं. तिथलं बैलघोडा हॉस्पिटल, म्हणजे प्राण्यांचा जुना दवाखाना, पिढ्यान् पिढ्या माहितीतलं. पण खारघरहून परळ ३० किलोमीटरच्या आसपास आहे, आणि घोडबंदर रोडवर गायमुखच्या घाटात अवजड वाहनं अडकली की वेळेचा काही हिशोब राहत नाही. जवळच्या डॉक्टरकडे शस्त्रक्रियेची सोय नसली तरी शिरेतून सलाइन आणि वायू काढणं एवढं झालं, तर पुढच्या प्रवासाला कुत्रा तग धरतो. हे दोन्ही न करता लांबचा पल्ला गाठणं हा जुगार आहे. निघताना फोन करून ‘जीडीव्हीची शंका आहे, वजन इतकं, शेवटचं जेवण इतक्या वाजता’ एवढंच सांगा, म्हणजे पोहोचेपर्यंत तयारी होते. ५०-६० किलोच्या कुत्र्याला जाड चादरीवर घेऊन दोघांनी उचलायचं, जिन्याने चालवायचं नाही, पोटावर पट्टा किंवा हात दाबायचा नाही. तो ज्या स्थितीत राहील त्या स्थितीत राहू द्या. आणि सुई टोचून हवा काढण्याचे व्हिडिओ पाहून घरी प्रयोग नको. प्लीहा नेहमीच्या जागेवर नसते आणि सुई थेट तिच्यात घुसू शकते.

दवाखान्यात आधी पुढच्या पायांच्या किंवा मानेच्या शिरेत जाड कॅथेटर घालून झपाट्याने सलाइन सुरू होतं. मागच्या पायातून दिलेलं सलाइन दबलेल्या महाशिरेमुळे हृदयापर्यंत नीट पोहोचत नाही. मग तोंडातून नळी घालून किंवा बाहेरून सुईने वायू काढतात. एक्स-रे उजव्या कुशीवर झोपवून घेतात. पीळ असेल तर जठराचे दोन फुगलेले कप्पे मधल्या रेषेने विभागलेले दिसतात. नळी सहज आत गेली म्हणून पीळ नाही असं ठरत नाही, हे मालकांनीही लक्षात घ्यावं, कारण वायू निघाल्यावर कुत्रा एकदम तरतरीत वाटतो आणि घरी न्यायचा मोह होतो. शस्त्रक्रियेत जठर सरळ करतात, मेलेला भाग कापून काढतात, गरज पडल्यास प्लीहाही काढतात आणि जठर पोटाच्या उजव्या भिंतीला शिवतात. या शिवण्याला गॅस्ट्रोपेक्सी म्हणतात. ते न करता नुसता पीळ सोडवला तर निम्म्याहून जास्त कुत्र्यांत तो पुन्हा पडतो. शिवल्यावर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास किंवा त्याखाली येतं. शस्त्रक्रियेनंतर तीन दिवस हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका असतो, म्हणून डॉक्टर कुत्र्याला लगेच घरी सोडत नाहीत.

टाळण्याबद्दल बोलायचं तर सल्ले ढीगभर आणि पक्के पुरावे थोडे. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात लॉरेन्स ग्लिकमन यांच्या गटाने मोठ्या आणि महाकाय जातींच्या दीड हजारांहून जास्त कुत्र्यांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत धोका वाढवणाऱ्या गोष्टी या निघाल्या: वाढतं वय, आई-वडील किंवा भावंडांपैकी कुणाला हे झालेलं असणं, भराभर खाणं आणि उंच स्टँडवर ठेवलेलं भांडं. शेवटची गोष्ट अनेकांना पटत नाही, कारण दुकानदार हेच स्टँड पोटफुगी टाळायला म्हणून विकतात. नंतरच्या अभ्यासांत त्यावर एकवाक्यता नाही, पण मानेचं किंवा अन्ननलिकेचं दुखणं नसेल तर भांडं जमिनीवर ठेवण्यात काही बिघडत नाही.

दिवसाचं खाणं एकदम देऊ नका. दोन किंवा तीन भाग करा. हावरट कुत्र्याला खोल वाडग्याऐवजी मोठ्या परातीत खाणं पसरून द्या, म्हणजे तोंड भरून उचलता येत नाही. दोन कुत्री असतील तर वेगळ्या खोल्यांत खायला घाला, कारण शेजाऱ्याने खाऊन टाकू नये म्हणून दोघंही गिळतात. जेवणानंतर तासभर धावपळ नको, हा नियम पुराव्याच्या दृष्टीने ढिला आहे, तरी पाळायला काही खर्च नाही. सकाळचा फेरफटका जेवणाआधी उरकला की झालं. पाणी मात्र तोडू नका. इथल्या उकाड्यात तहानलेला कुत्रा नंतर एका दमात भांडं रिकामं करतो, त्यापेक्षा पाणी कायम समोर असलेलं बरं.

घाबरट, चिंताक्रांत कुत्र्यांत हे दुखणं जास्त आढळतं. दिवाळीचे फटाके, विसर्जनाच्या मिरवणुकीतले डीजे, मे महिन्यात मालक गावी गेल्यावर बोर्डिंगमधले दिवस हे सगळे त्या अर्थाने जोखमीचे. बोर्डिंगला ठेवताना नेहमीचंच खाणं सोबत द्या आणि कोरड्या उमाशांची खूण तिथल्या माणसाला तोंडी समजावून सांगा.

या सगळ्याहून खात्रीचा उपाय म्हणजे दुखणं होण्याआधीच गॅस्ट्रोपेक्सी करून घेणं. नसबंदीच्या वेळी त्याच भुलीत ती करता येते. दुर्बिणीतूनही होते, तेव्हा छेद लहान राहतो. त्यानंतरही जठर फुगू शकतं, पण जवळजवळ कधीच फिरत नाही. २००३ साली मांडलेल्या एका हिशोबानुसार यामुळे मृत्यूचा धोका ग्रेट डेनमध्ये सुमारे ३० पटींनी, तर रॉटवायलरमध्ये दोन पटींहून थोडा जास्त घटतो. म्हणजे ग्रेट डेन पाळणाऱ्याने यावर फार खल करू नये. लॅब्रॅडॉरवाल्याने घराण्याचा इतिहास विचारून डॉक्टरांशी बोलावं. महाकाय जातींत वाढ पूर्ण होईपर्यंत, साधारण एक ते दीड वर्ष थांबायचं की आधी करायचं, हेही त्यांनाच ठरवू द्या. शस्त्रक्रियेनंतर १० ते १४ दिवस पट्ट्यावरच फिरवायचं, उड्या आणि जिने बंद, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात प्लास्टिकचा कोन. आणि पहिले काही दिवस खाणं थोडं थोडं, दिवसातून तीन-चार वेळा.