अपार्टमेंट आणि सोसायटी: पाटी वाचू नका, परिशिष्ट वाचा

सांगलीत गावात फ्लॅट बघायला निघालेल्या माणसाचे तीन प्रश्न ठरलेले असतात. पार्किंग आहे का, पाणी किती वेळ येतं, आणि 2019 ला पूर कुठवर आला होता. तिन्ही रास्त आहेत. चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि चुकून विचारलाच तर एजंट म्हणतो, "अपार्टमेंट काय अन् सोसायटी काय, दोन्ही एकच हो साहेब." हे वाक्य ऐकलं की माझं डोकं उठतं. दोन्हींचे कायदे वेगळे, मालकी वेगळी, मत मोजायची आणि खर्च वाटायची रीत वेगळी. तरी पोरगं पुण्यात आयटीत, बाप सांगलीच्या खणभागात, आणि दोघं मिळून तीस-पस्तीस लाखांचा व्यवहार या एका वाक्यावर करून मोकळे होतात.

आधी एक किरकोळ गोष्ट संपवू. इमारतीवर 'अमुक अपार्टमेंट' असं रंगवलंय म्हणून ते कायद्याने अपार्टमेंट होत नाही. तशा नावाची नोंदणीकृत सोसायटी असू शकते, आणि 'तमुक सोसायटी' अशी पाटी असून आत डिक्लेरेशन, म्हणजे इमारत अपार्टमेंट कायद्याखाली आणल्याचा नोंदणीकृत दस्त, असू शकतं. पाटी रंगारी लिहितो, दस्त दुय्यम निबंधकाकडे असतो.

सोसायटी तुम्हाला माहीत आहे. घरात कुणीतरी पुण्या-मुंबईला राहतंच, आणि चेअरमन, सेक्रेटरी, शेअर सर्टिफिकेट, एनओसी या गोष्टी त्यांच्या तोंडून हजार वेळा ऐकलेल्या असतात. थोडक्यात, 1960 च्या सहकारी संस्था कायद्याखाली नोंदलेली संस्था. बिल्डरने अभिहस्तांतरण (कन्व्हेयन्स, म्हणजे मालकी लिहून देणारा दस्त) करून दिलं की जमीन आणि इमारत संस्थेच्या नावावर होते. तुम्ही सभासद, तुमच्याकडे भाग आणि आपल्या फ्लॅटचा हक्क. एका सभासदाला एक मत. मेंटेनन्स बहुतांशी दर फ्लॅटला सारखा. दुरुस्ती निधी आणि सिंकिंग फंड (पुढच्या मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठीची शिल्लक) बांधकाम खर्चावर काढतात, वर्षाला किमान पाऊण आणि पाव टक्का. विकताना हस्तांतरण शुल्काला महापालिका हद्दीत कमाल 25,000 रुपयांची मर्यादा आहे, नगरपालिका हद्दीत त्याहून कमी. पुढे चला.

अपार्टमेंट म्हणजे 1970 च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली घोषित केलेली इमारत. मुंबईची मंडळी ज्याला कंडोमिनियम म्हणतात ते हेच. इथे जमीन कुठल्याही संस्थेच्या नावावर जात नाही. तुमचा फ्लॅट तुमच्या पूर्ण मालकीचा, आणि जोडीला जमीन, जिना, लिफ्ट, टाकी, गच्ची या सगळ्यात तुमचा अविभक्त हिस्सा. तो हिस्सा टक्क्यांत लिहिलेला असतो आणि फ्लॅटला चिकटलेला असतो. फ्लॅट विकून हिस्सा ठेवता येत नाही, हिस्सा विकून फ्लॅट ठेवता येत नाही.

गावात ही पद्धत एवढी का दिसते, त्याला कारण आहे. गावभाग, खणभाग किंवा साताऱ्याच्या पेठांमधले प्लॉट म्हणजे जुने वाडे पाडून निघालेल्या जागा. त्यावर सहा-आठ फ्लॅट आणि खाली गाळे बसतात. सोसायटीला पूर्वी सर्वसाधारणपणे किमान 10 सभासद लागायचे, अपार्टमेंट कायद्याला 5 युनिट पुरतात. वकिलांनी सोपा रस्ता धरला. मध्यम बजेटवाल्याला गावात जे परवडतं ते बहुधा अशाच इमारतीत असतं, त्यामुळे हा घोळ नेमका त्याच्याच वाट्याला येतो.

आता मुद्दा. तो टक्का.

लोकांना वाटतं, टक्का म्हणजे वकिलांचं शोभेचं कलम. नाही. अपार्टमेंटमध्ये खर्च टक्क्यावर वाटतात आणि मतही टक्क्यावर मोजतात. माणसं मोजत नाहीत. कायद्यात हा टक्का इमारतीच्या एकूण किमतीत तुमच्या युनिटची किंमत किती, यावरून काढायचा असतो. व्यवहारात पुष्कळ ठिकाणी क्षेत्रफळावरून काढलेला दिसतो. एकदा डिक्लेरेशनमध्ये लिहिला की तो कायमच्या स्वरूपाचा मानतात, सहजासहजी बदलत नाही.

एक इमारत कागदावर मांडू. खाली 4 गाळे, वर 8 फ्लॅट. गाळा 40 लाखांचा, फ्लॅट 30 लाखांचा धरा. एकूण 4 कोटी. म्हणजे एका गाळ्याचा हिस्सा 10 टक्के, एका फ्लॅटचा साडेसात. पुराचं पाणी पार्किंगमध्ये शिरलं, लिफ्टचा खड्डा भरला, मोटर गेली, मीटरचा बोर्ड गेला. 4 लाखांचा खर्च आला. अपार्टमेंट असेल तर फ्लॅटवाल्याला 30,000 आणि गाळेवाल्याला 40,000. सोसायटी असती तर बारा युनिटांत सरळ वाटणी, प्रत्येकी 33,333. फ्लॅटवाल्याला अपार्टमेंट स्वस्त पडलं. इथवर सगळे खूश असतात, आणि बहुतेकांचं वाचन इथंच थांबतं.

पण गाळे कुणाचे? वाडा ज्यांचा होता त्यांचे. जागा देताना मूळ मालक बिल्डरकडून बहुधा पैशाऐवजी बांधकाम घेतो: खालचे चारही गाळे आणि वरचे दोन फ्लॅट. आता बेरीज करा. गाळ्यांचे 40, दोन फ्लॅटचे 15. पंचावन्न टक्के एका माणसाकडे. उरलेली सहा कुटुंबं मिळून पंचेचाळीस.

गाळे तळमजल्यावर आहेत, दोन्ही फ्लॅट भाड्याने दिलेत, मालक स्वतः विश्रामबागला बंगल्यात राहतो. त्याला लिफ्टची काय घाई? मीटिंगला येतो, चहा घेतो, "बघू की पुढच्या वर्षी" म्हणतो, आणि ठराव पडतो. सहा घरं एका बाजूला, एक माणूस दुसऱ्या बाजूला, आणि बहुमत त्या एकाचं. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी जिन्याच्या वळणावर प्लॅस्टिकची खुर्ची ठेवून दम खात वर जातात. यात बेकायदेशीर काही नाही. सगळं त्या डिक्लेरेशनमध्ये लिहिलेलं होतं, त्यावर सह्या करूनच सगळे आत आले.

तीच इमारत सोसायटी असती तर? सात सभासद. मालकाकडे सहा युनिट असली तरी सहकार कायद्यात त्याला मत एकच. सहा विरुद्ध एक. (हुशार असेल तर तो दोन फ्लॅट बायको-मुलाच्या नावावर करतो, पण तेव्हाही डोकीच मोजतात.) खर्चात त्याचा वाटा दोन्हीकडे जवळपास सारखा: अपार्टमेंटमध्ये 2 लाख 20 हजार, सोसायटीत 2 लाख. पैशात फरक वीस हजारांचा, निर्णयात फरक आख्ख्या इमारतीचा.

म्हणून "मेंटेनन्स किती?" हा पहिला प्रश्न विचारणाऱ्यांची मला गंमत वाटते. महिना हजार की बाराशे, याच्यावर घासाघीस करतात आणि परिशिष्ट उलटून बघत नाहीत. डिक्लेरेशनच्या शेवटी एक तक्ता असतो: युनिट क्रमांक, क्षेत्रफळ, टक्का. त्या तक्त्यात एकाच नावावर, एकाच घराण्याच्या नावावर किंवा बिल्डरच्या न विकलेल्या फ्लॅटवर किती टक्के जमतात याची बेरीज करा. पन्नासच्या पुढे गेली तर तो फ्लॅट स्वस्त का मिळतोय ते तुम्हाला कळलं.

त्याच तक्त्याशेजारी 'मर्यादित सामाईक जागा' असा मजकूर असतो, म्हणजे सामाईक असूनही ठरावीक युनिटलाच वापरायला राखलेली जागा. गच्ची वरच्या फ्लॅटला, मागचं अंगण गाळा क्रमांक दोनला, पार्किंगच्या कप्प्यांची वाटणी. हेही टक्क्याइतकंच मन लावून वाचा. स्टिल्ट पार्किंग (इमारतीखाली खांबांमधलं पार्किंग) स्वतंत्र मालमत्ता म्हणून विकता येत नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये दिला, तेव्हापासून लोक बिनधास्त असतात. पण डिक्लेरेशनमध्ये तो कप्पा एखाद्या फ्लॅटसाठी राखीव दाखवलेला असेल, तर तुमची स्कूटर तिथे लागणार नाही, मग बिल्डर तोंडाने काहीही म्हणो. "गच्ची सगळ्यांचीच की" हेही असंच एक गोड वाक्य. ऐकायचं, हसायचं, कागद मागायचा.

दुसरा खड्डा दस्ताचा. करारनामा नोंदला, मुद्रांक शुल्क भरलं, इंडेक्स टू (दस्त नोंदल्याचा सरकारी उतारा) हातात आलं, की आपल्याकडे पेढे वाटतात. करारनामा म्हणजे नुसता विकण्याचा करार, मालकीचा दस्त नव्हे. अपार्टमेंटमध्ये इमारत पूर्ण झाल्यावर डिक्लेरेशन नोंदवायचं आणि मग प्रत्येक मालकाच्या नावे डीड ऑफ अपार्टमेंट नोंदवायचं. शुल्क करारनाम्यावर आधीच भरलेलं असल्यामुळे त्याला फारसा खर्चही नसतो. तरीही ते राहून जातं. जुना फ्लॅट विकणाऱ्याकडे कित्येकदा फक्त करारनामा असतो. मग डीडवर सही करायला मूळ जागामालक हवा, आणि तो वारला असेल तर त्याचे वारस, त्यातली एक बहीण बेळगावला. सोसायटीतही अभिहस्तांतरण रखडतं, पण तिथे तो सगळ्यांचा प्रश्न असतो आणि संस्था जिल्हा उपनिबंधकाकडे मानीव अभिहस्तांतरणाला (बिल्डर सही देत नसला तरी मिळणाऱ्या अभिहस्तांतरणाला) जाऊ शकते. डीड राहिलं तर मात्र वारसांच्या दारात बहुधा तुम्ही एकटे उभे.

आणि तिसरा प्रकार, ज्यात दोन्ही नाही. ना डिक्लेरेशन, ना नोंदणी. दुसऱ्या मजल्यावरचे निवृत्त मास्तर वहीत मेंटेनन्स लिहितात, सगळे त्यांना चेअरमन म्हणतात, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं नाव 'आपली सोसायटी'. माणसं चांगली असतात हो, पण ती संस्था नव्हे. मी अशा इमारतीत घेऊ नका असंच सांगतो, किंमत कितीही खाली असो.

रेराचा (बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या सरकारी प्राधिकरणाचा) नंबर नाही म्हणून मात्र घाबरू नका. जागा 500 चौरस मीटरपर्यंत किंवा युनिट 8 पर्यंत असतील तर नोंदणीची सक्ती नाही, आणि वाड्याच्या जागांवरच्या बऱ्याच इमारती यातच बसतात. उलट अशा ठिकाणी वर बघणारं कुणी नाही म्हणून डिक्लेरेशन जास्त बारकाईने वाचायचं. बाकी कर्ज दोन्हींवर मिळतं, नोंदणी फी दोन्हीकडे 1 टक्का आणि कमाल 30,000, महिलेच्या नावावर राहतं घर घेतलं तर मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत. थकबाकीदाराकडून वसुली करायला सोसायटीला उपनिबंधकाचा दाखला मिळतो, अपार्टमेंटच्या असोसिएशनची वाट जरा लांबची. सुपर बिल्टअपवर, म्हणजे जिना-लिफ्टचा वाटाही मिळवून फुगवलेल्या क्षेत्रफळावर, दर सांगणाऱ्याशी मी बोलणंच थांबवतो. कार्पेट, म्हणजे घरातलं प्रत्यक्ष वापराचं क्षेत्रफळ, सांगा नाहीतर चहा पिऊन निघतो.

मला विचाराल तर खाली गाळे असलेल्या इमारतीत सोसायटीच हवी, अभिहस्तांतरण झालेली. सगळे फ्लॅट राहायचेच, सगळे साधारण एका मापाचे आणि प्रत्येकाचं डीड झालेलं, तर अपार्टमेंट घ्या. वारसाहक्क, विक्री, गहाण, सगळं सुटसुटीत, कुणाच्या एनओसीसाठी जिने झिजवायला नकोत. नव्या बांधकामात "डिक्लेरेशन नंतर करून देतो" म्हणणाऱ्यापेक्षा पंधरा वर्षं जुना, डीड हातात असलेला फ्लॅट मी आधी बघेन. त्याला पूर्णत्वाचा दाखला मिळालेला असेल तर जीएसटीही लागत नाही, तेवढ्या पैशात स्वयंपाकघराचा ओटा नवा होतो.

टोकन देण्याआधी विकणाऱ्याकडून मागायचे कागद असे: अपार्टमेंट असेल तर डिक्लेरेशनची परिशिष्टांसह पूर्ण प्रत आणि त्याचं स्वतःचं डीड, सोसायटी असेल तर शेअर सर्टिफिकेट आणि अभिहस्तांतरणाचा दस्त. "प्रत बिल्डरकडे आहे" असं उत्तर आलं तर वाद घालू नका. डिक्लेरेशन हा नोंदणीकृत दस्त आहे, दस्त क्रमांक आणि साल घ्या, दुय्यम निबंधक कार्यालयात अर्ज करा आणि नक्कल काढा. क्रमांकच सांगता येत नसेल तर टोकनचा चेक खिशातच राहू द्या.