भात वाळलं, पण किती? ओलावा मोजणारं यंत्र निवडताना

मुरबाडकडच्या आमच्या खळ्यावर नोव्हेंबरात भात वाळत पडलं की काका दोन दाणे दाताखाली धरतात. दाणा कटकन फुटला तर भात भरायला तयार, दबून चेपला तर अजून एक ऊन. चाळीस वर्षांचा हा अंदाज सहसा चुकत नाही. पण दात फक्त 'वाळलं' किंवा 'नाही वाळलं' एवढंच सांगतात. 14 टक्के आणि 16 टक्के यांतला फरक त्यांना कळत नाही, आणि भात टिकणार की कुबटणार हे याच दोन टक्क्यांवर ठरतं.

कापणीच्या वेळी भातात साधारण 20 ते 24 टक्के ओलावा असतो. काही महिने साठवायचं तर तो 14 च्या आत हवा, आणि बियाण्यासाठी ठेवायचं असेल तर 12 किंवा त्याहून कमी. दाणा जिवंत असतो, श्वास घेतो. ओलावा जास्त असला की श्वास वाढतो, गोणीच्या पोटात उबारा धरतो, त्या उबेत बुरशी आणि किडे पोसतात. ठाणे जिल्ह्यात हे जास्तच जपावं लागतं. परतीचा पाऊस ऐन कापणीत गाठतो, आणि पुढच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की उघड्या गोणीतलं सुकं भातही हवेतलं पाणी ओढून घेतं.

खरेदी केंद्रावर भाताला 17 टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. म्हणजे विकण्याची मर्यादा वेगळी आणि घरात ठेवण्याची वेगळी. केंद्रावर पास झालेलं भात तसंच कणगीत भरलं तर ते बिघडणारच.

ओलावा म्हणजे एकूण वजनातला पाण्याचा वाटा. 20 टक्के ओलाव्याचं 100 किलो भात म्हणजे 20 किलो पाणी आणि 80 किलो कोरडा भाग. ते 14 टक्क्यांवर आणलं की 94 किलो भरेल असं वाटतं, पण भरतं 93. कारण तो 80 किलो कोरडा भाग आता एकूण वजनाच्या 86 टक्के झालेला असतो. उलटी चूकही महाग पडते. 14 टक्क्यांवरचं 1,000 किलो भात भीतीपोटी 12 पर्यंत वाळवलं तर 977 किलो उरतं. 2025-26 च्या 2,369 रुपये क्विंटल या हमीभावाने पाचशे रुपयांहून जास्त किंमत नुसती उन्हात उडून जाते. शिवाय जास्त तापलेल्या दाण्याला आत बारीक तडे जातात आणि भरडताना अख्ख्या तांदळाऐवजी कणी पडते.

आता यंत्राकडे वळू. शेतावरचं कुठलंही ओलावामापक यंत्र पाणी मोजत नाही, हे आधी नीट समजून घ्यायला हवं. पाणी खरोखर मोजतात ते प्रयोगशाळेत. भात दळतात, तोलतात, 130 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दोन तास ठेवतात आणि पुन्हा तोलतात. 10 ग्रॅमचे 8.6 ग्रॅम झाले तर ओलावा 14 टक्के. हातातलं यंत्र विजेचा एखादा गुण मोजतं आणि त्यावरून ओलाव्याचा अंदाज बांधतं.

एका प्रकारात दाणे चिरडून त्यांतून वीज किती सहज जाते ते पाहतात. ओला दाणा वीज जाऊ देतो, सुका अडवतो. दुसऱ्या प्रकारात दाणे एका पेल्यात ओततात. पेल्यात धातूचे दोन पृष्ठभाग असतात आणि मधल्या धान्यामुळे त्यांची वीज साठवायची क्षमता बदलते. हा बदल ज्या गुणामुळे होतो, तो डायइलेक्ट्रिक स्थिरांक, पाण्याचा 80 च्या आसपास असतो आणि कोरड्या धान्याचा जेमतेम 2 ते 4. म्हणून थोडं पाणी वाढलं तरी यंत्राला ते लगेच जाणवतं.

पण त्याला इतरही गोष्टी जाणवतात. दाणा गरम असला की आकडा सरकतो. पेल्यात धान्य दाबून भरलं की आकडा चढतो. आणि भात वेगळं, तांदूळ वेगळा. भाताला तूस असतं, तुसाखाली हवा असते. तांदळाच्या सेटिंगवर भात मोजलं तर आलेला आकडा फेकून द्यायच्या लायकीचा.

दोन हंगामांपूर्वी आम्ही यात फसलो. दुपारी ताडपत्रीवरून उचललेल्या भाताचा आमच्या यंत्रावर आकडा आला 13.8. खुशीत गोण्या भरल्या. दुसऱ्या दिवशी घेणाऱ्याच्या यंत्राने 15.4 दाखवले आणि त्याने भाव पाडला. मी चिडून घरी आलो. मापात खोट आहे अशी माझी खात्रीच होती. त्याच गोणीतलं मूठभर भात घट्ट डब्यात भरून ओळखीतल्या एका प्रयोगशाळेत ओव्हनमध्ये तपासून घेतलं, तर 15.1 निघाले. त्याचं यंत्र खऱ्याच्या जवळ होतं, आमचं नव्हतं.

कारण पुढे उमगलं. उन्हात दाणा बाहेरून आधी वाळतो, गाभा मागे राहतो. सालीजवळ कोरडेपणा असताना मोजलं की आकडा कमी येतो. रात्रभर गोणीत पडल्यावर गाभ्यातला ओलावा बाहेर सरकतो, दाणा आतबाहेर सारखा होतो, आणि तेव्हा खरा आकडा दिसतो. सकाळी दव पडलेलं भात याच्या नेमकं उलट, ते जास्त दाखवतं. आता आम्ही नमुना झाकणाच्या डब्यात भरून रात्रभर घरात ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी मोजतो. भरायची घाई असली तरी.

म्हणून यंत्र घेताना पडद्यावर दशांशाचे किती आकडे दिसतात यावर भुलू नका. 14.37 असा आकडा दाखवणारं यंत्र एका टक्क्याने चुकतच नाही असं कुठे आहे? माहितीपत्रकात अचूकता काय लिहिली आहे ते वाचा. 10 ते 20 टक्क्यांच्या पट्ट्यात अर्ध्या टक्क्याच्या आसपास चूक असेल तर शेतकऱ्याच्या कामाला ते पुरेसं आहे. पिकांच्या यादीत 'भात' आणि 'तांदूळ' वेगवेगळे आहेत का, हे विचारा. शहापूर-मुरबाडच्या डोंगरातल्यांनी नाचणी आणि वरी आहे का तेही पाहावं. दाण्याचं तापमान यंत्र स्वतः मोजून दुरुस्ती करतं का, आणि ओव्हनच्या आकड्याशी जुळवून घ्यायची सोय आहे का, या दोन गोष्टी नसतील तर मी ते यंत्र घेणार नाही. गोणीत खुपसायची सळई असलेली स्वस्त यंत्रं सोयीची वाटतात. पण गोणी किती दाबून भरली यावर त्यांचा आकडा हलतो. ओली गोणी वेगळी काढण्यापुरती ती ठीक. लाकडाचा ओलावा बघायची दोन सुयांची यंत्रंही धान्याची म्हणून विकली जातात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

दुकानात जाताना घरचं भात डब्यातून बरोबर न्या. तेच भात त्याच पेल्यात पाच वेळा ओता आणि दर वेळी आकडा लिहून घ्या. पाचही आकडे अर्ध्या टक्क्याच्या आत राहिले तर यंत्र निदान स्वतःशी तरी प्रामाणिक आहे. 13, 15, 14 असं नाचलं तर तिथूनच परत या. मग त्याच डब्यातलं भात ओव्हनवर तपासून घ्या. सगळ्या मापांत सारखाच फरक दिसला, समजा दर वेळी एक टक्का कमी, तर काही हरकत नाही, तो जुळवून घेता येतो. आकडे नाचत असतील तर मात्र त्यावर इलाज नाही. हीच पडताळणी दर हंगामाआधी एकदा करावी, कारण पेल्यात भुसा बसतो, बॅटरी उतरते. दोन-तीन एकरवाल्याने एकट्याने महाग यंत्र घेण्यापेक्षा पाड्यावरच्या दहा घरांनी मिळून एक चांगलं घ्यावं, असं मला मनापासून वाटतं.

यंत्र येईपर्यंत मिठाची एक जुनी युक्ती आहे. तव्यावर मीठ कोरडं भाजून गार करा. कोरड्या काचेच्या बरणीत तीन भाग भात आणि एक भाग मीठ घालून झाकण घट्ट लावा, हलवा आणि दहा-पंधरा मिनिटं ठेवून पुन्हा हलवा. मीठ मोकळं राहिलं तर भात साधारण 14-15 टक्क्यांच्या आत आहे, काचेला चिकटलं तर वर आहे. यामागे साधी गोष्ट आहे. शुद्ध मीठ 75 टक्के आर्द्रतेच्या हवेत पाणझरतं, आणि बंद बरणीतली हवा 75 टक्क्यांवर नेणारं भात नेमकं 14 टक्क्यांच्या आसपासचं असतं. खडे मीठ मात्र वापरू नका. त्यातल्या मॅग्नेशियमच्या क्षारांमुळे ते आधीच पाघळतं. ठाण्यातल्या घरी मी हा प्रयोग काकांसमोर केला, गेल्या दिवाळीत गावाहून आणलेल्या भातावर. मीठ काचेला चिकटलं. काकांनी बरणीतले दोन दाणे काढून दाताखाली धरले, ते कटकन फुटले. थोडा वेळ ते बरणीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "अजून एक ऊन दिऊया."