'फायनलला आहे' म्हणजे 'क्लिअर्ड टू लँड' नव्हे

टॉवर, म्हणजे उतरायची-उडायची परवानगी देणारे कंट्रोलर, असलेल्या एअरपोर्टवर शिकलेला पायलट टॉवर नसलेल्या फील्डवर, म्हणजे विमानतळावर, जातो तेव्हा हमखास इथेच घोळ होतो. फ्रिक्वेन्सीवर तसेच आवाज, तशीच भाषा, आपणही 'रनवे वन थ्री, फायनल' (रनवेसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर आहे) म्हणून टाकतो आणि मनात कुठेतरी वाटतं की चला, आता रनवे आपला.

तसं नसतं ना. क्लिअरन्स ('क्लिअर्ड टू लँड') म्हणजे कंट्रोलरने सगळ्यांचा नंबर लावून दिलेली परवानगी. अनाउन्समेंट ही नुसती खबर, मी कोण, कुठे आहे, काय करणार आहे, बस. ती कोणी ऐकतंय की नाही तेही माहीत नसतं, कारण जुन्या पायपर कबसारख्या विमानात कधी कधी रेडिओच नसतो आणि अमेरिकेत अशा फील्डवर ते नियमात बसतं.

१९ नोव्हेंबर १९९६, क्विन्सी, इलिनॉय, टॉवर नाही. दुसऱ्या रनवेवर उतरणाऱ्या बीच १९०० या छोट्या प्रवासी विमानाच्या क्रूने रेडिओवर विचारलं की रनवे ४ वरचं विमान, एक किंग एअर, थांबणारे की निघणारे. उत्तर आलं, पण ते त्या किंग एअरचं नव्हतंच, मागे उभ्या चेरोकी नावाच्या छोट्या विमानाचं होतं, त्यातही मधेच बीचच्या कॉकपिटमधली उंचीची सूचना वाजली आणि बोलणं तुटलं. क्रूला वाटलं किंग एअर थांबतंय. दोन रनवे जिथे एकमेकांना कापतात तिथे टक्कर, १४ जण गेले. चौकशीत मुख्य ठपका किंग एअरच्या पायलट्सवर आला, फ्रिक्वेन्सीवर लक्ष नाही, बाहेर नीट बघितलं नाही म्हणून.

आता 'मी आधी सांगितलं' म्हणून हक्क सांगणारे पण भेटतात. अमेरिकेच्या नियमात उतरायला येणाऱ्या दोन विमानांपैकी खालच्याला पहिला मान, पण तो वापरून दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही हेही तिथेच लिहिलंय. स्ट्रेट-इन, म्हणजे चक्कर न मारता लांबून सरळ रनवेकडे, यायला बंदी नाही, पण सर्किटमध्ये, म्हणजे रनवेभोवतीच्या ठरलेल्या चकरेत, आधीच कोणी बेस लेगवर (फायनलच्या आधीच्या आडव्या टप्प्यावर) असेल तर लांबूनच स्पीड कमी करा किंवा सरळ बाजूला व्हा, दोन मिनिटांनी काय बिघडतं?

आणि हो, 'कोणी आहे का, सांगा' असं विचारत बसू नका, एफएएला, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकालाही, ते नकोय, सगळे एकदम बोलतात आणि कोणाचंच कळत नाही. दहा मैलांवरून बोलायला लागा आणि फील्डचं नाव सुरुवातीला आणि शेवटी, दोन्हीकडे घ्या, कारण त्याच फ्रिक्वेन्सीवर शेजारच्या फील्डवालेही असतात आणि अर्धं ऐकलेला माणूस भलत्याच आकाशात तुम्हाला शोधत बसतो.