डी.एल.एड. म्हणजे धाकटं बी.एड. नव्हे

"पोरीचं बी.एड. झालंय ना, मग पहिली-दुसरीला शिकवायला काय अडचण? ज्याला मोठ्यांना शिकवता येतं त्याला लहानांना येणारच." इंदूरच्या मराठी घरांतून हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, की हल्ली बोलणाऱ्याचा सूर लागला की पुढचं सगळं मला कळतं. हळदीकुंकवात ऐकलं, रामबागेतल्या मुंजीत ऐकलं, राजवाड्यापाशी उभ्या-उभ्या भेटलेल्या जुन्या मैत्रिणीकडून ऐकलं. ऐकवणारी माणसं शिकलेली असतात आणि मुलीच्या भल्यासाठीच बोलत असतात. पण या वाक्यावर विसंबून मुलींची दोन-दोन वर्षं जातात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते. मी इथल्या प्राथमिक शाळेत शिकवते आणि डी.एल.एड.ची, म्हणजे प्राथमिक शिक्षकांच्या पदविकेची, मुलं-मुली इंटर्नशिपला माझ्या वर्गात येतात. दोन्ही प्रकारची तयारी जवळून पाहिली आहे.

बी.एड.वर वेळ घालवत नाही, ते सगळ्यांना माहीत आहे. पदवीनंतर करायचं, २०१५ पासून दोन वर्षांचं झालं, आपल्याकडे देवी अहिल्या विद्यापीठाची परीक्षा, आणि आपल्या पदवीच्या विषयांच्या अध्यापन पद्धती.

डी.एल.एड. बारावीनंतर करता येतं. तेही दोन वर्षांचंच. मध्यप्रदेशात त्याची परीक्षा भोपाळचं माध्यमिक शिक्षा मंडळ घेतं. सरकारी जागा डाएटमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत असतात, इंदूरचं डाएट बिजलपूरला आहे. पुण्या-नागपूरचे नातेवाईक ज्याला डी.एड. म्हणतात आणि बडोद्याची माणसं पी.टी.सी. म्हणतात, ते हेच. एक पदवी, एक पदविका; फी वेगळी, फॉर्म वेगळे. इंटर्नशिप दोन्हीकडे किमान २० आठवड्यांची. या फरकांनी कोणाचं काही अडत नाही.

अडतं ते एका ठिकाणी. बी.एड. शिकवतं ते विषय शिकवायला. समोरचं मूल वाचतं, लिहितं, आकडेमोड करतं हे धरून चाललेलं असतं. त्याला इतिहास कसा समजावायचा, बीजगणित कसं पोहोचवायचं, हा तिथला प्रश्न. डी.एल.एड.मध्ये काहीच धरून चालत नाहीत. मूल वाचायला लागतं म्हणजे नेमकं काय होतं, संख्या त्याच्या मनात कशी तयार होते, सहा वर्षांचं मूल किती वेळ एका जागी बसू शकतं, इथून सुरुवात असते. म्हणजे एकाच जिन्याच्या या वरच्या-खालच्या पायऱ्या नाहीत. कामंच दोन आहेत.

माझ्या वर्गातलंच उदाहरण सांगते. दुसरीच्या मुलाला 'तेवीस' लिहायला सांगितलं आणि त्याने ३२ लिहिलं. बी.एड. झालेली, हुशार, मनापासून शिकवणारी एक ताई तेव्हा वर्गात होती. तिने पाच वेळा पाटीवर २३ गिरवून घेतलं आणि "नीट लक्ष दे" म्हणाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ३२. खरं तर मुलाचं लक्ष पुरेपूर होतं. मराठीत 'तेवीस' आणि हिंदीत 'तेईस', दोन्हींत तीन आधी ऐकू येतात आणि वीस नंतर. मुलाने जे ज्या क्रमाने ऐकलं त्याच क्रमाने लिहिलं. गिरवून हे सुटत नाही. काड्यांच्या दहा-दहाच्या जुड्या बांधायच्या, दोन जुड्या डावीकडे ठेवायच्या, तीन सुट्या काड्या उजवीकडे, आणि मग बोलायचं. हाताला दहाची जुडी कळली की आकडा आपली जागा धरतो. डी.एल.एड.च्या दुसऱ्या वर्षाला असलेली मुलगी हे पाहून लगेच काड्या शोधायला गेली. ती त्या ताईपेक्षा जास्त हुशार होती असं मी म्हणत नाही. तिला ही चूक ओळखायला शिकवलेलं होतं.

भाषेचंही तेच. घरी मराठी बोलणारं मूल इथे हिंदी शाळेत येतं. घरी 'शिक्षा' म्हणजे छडी, शाळेत 'शिक्षा' म्हणजे शिक्षण. घरी केळं, पुस्तकात केला. मूल 'ळ' बोलून जातं आणि वर्ग हसतो. पहिलीच्या बाईंना हे शब्द दोन्हीकडून कळले पाहिजेत, आणि मुलाची घरची भाषा ही चूक नसून हाताशी आलेलं भांडवल आहे हे पक्कं माहीत असलं पाहिजे. माळव्यातल्या गावांत याच जागी माळवी किंवा निमाडी असते. नववीच्या विज्ञानाच्या शिक्षकाला हा प्रश्न रोज पडत नाही. पहिलीच्या बाईंचा अर्धा दिवस त्यातच जातो.

शिवाय एकच वर्ग सांभाळायचाय असंही नाही. शिक्षणाच्या हक्काच्या कायद्यात पहिली ते पाचवी मिळून ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक असं प्रमाण आहे. पाच इयत्ता आणि दोन माणसं. पहिलीला अक्षरं, त्याच वेळी तिसरीला हातचा, आणि चौथी कोपऱ्यात गटाने काही करतेय, असा वर्ग चालवणं हे स्वतंत्र कौशल्य आहे. ते नुसत्या पुस्तकातून येत नाही, आणि पदवी मोठी आहे म्हणून आपोआपही येत नाही.

हे फक्त माझं मत असतं तर घरोघरी वाद घालता आला असता. पण आता कायदाही तेच सांगतो. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेने, म्हणजे एन.सी.टी.ई.ने, २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेत पहिली ते पाचवीसाठी मुख्य पात्रता ठेवली ती डी.एल.एड.चीच. मग २८ जून २०१८ ला बी.एड.वाल्यांनाही दार उघडलं: आधी नेमणूक घ्या, दोन वर्षांच्या आत सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स, म्हणजे प्राथमिकचं राहिलेलं प्रशिक्षण भरून काढणारा कोर्स, करा. आजही घरोघरी चालतो तो हाच २०१८ चा सल्ला. ते दार बंद झालं. राजस्थान उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती अधिसूचना रद्द केली आणि ११ ऑगस्ट २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. लहान मुलांना शिकवायचं खास प्रशिक्षण बी.एड.मध्ये मिळत नाही, आणि दर्जेदार प्राथमिक शिक्षण हा मुलांचा मूलभूत हक्क आहे, असं त्या निकालाचं सार. त्या तारखेनंतर बी.एड.च्या आधारावर झालेल्या प्राथमिक शिक्षकांच्या नेमणुका रद्द करण्याचे आदेश आपल्या मध्यप्रदेशातही निघाले. लागलेली नोकरी गेल्यावर त्या घरांत काय झालं असेल, याचा विचार सल्ला देण्याआधी करावा एवढीच विनंती आहे.

आता उलट बाजू, जी कोणीच सांगत नाही. पदवी असेल तर डी.एल.एड.वर सहावी ते आठवीलाही शिकवता येतं. नियमांत तसं स्पष्ट आहे, पात्रता परीक्षा मात्र दोन्ही टप्प्यांची वेगवेगळी द्यावी लागते. म्हणजे ज्याला सगळे 'छोटं' म्हणतात ते पहिलीपासून आठवीपर्यंत चालतं, आणि 'मोठं' बी.एड. सहावीच्या खाली उतरत नाही.

इथे शब्दांचाही एक घोळ आहे, आणि तो खास आपला, इंदूरकर मराठी माणसांचा आहे. महाराष्ट्रात 'माध्यमिक' म्हणजे नववी-दहावी. मध्यप्रदेशात 'माध्यमिक शिक्षक' म्हणजे सहावी ते आठवीचा, बोलण्यातला वर्ग दोन. नववी ते बारावी 'उच्च माध्यमिक', वर्ग एक. पहिली ते पाचवी 'प्राथमिक', वर्ग तीन. पुण्याची मावशी फोनवर "माध्यमिकचा फॉर्म भर" म्हणते तेव्हा तिच्या मनात दहावी असते, आणि इथली मुलगी वर्ग दोनचा फॉर्म भरून मोकळी होते. फॉर्म भरताना इयत्तेचा आकडा बघा, शब्दावर जाऊ नका.

राहिला कामाचा प्रश्न. "नोकरी करत करत होऊन जाईल" हे दुसरं लाडकं वाक्य. माझ्या भाचीला एका शिकवणी वर्गात सांगितलं होतं की खासगी शाळेत शिकवत राहा, डी.एल.एड.चं नाव कुठेतरी घालून ठेवू, कॉलेजला यायची गरज नाही. याचा मला मनस्वी संताप आहे. नियमित डी.एल.एड.ला वर्गात ८० टक्के आणि इंटर्नशिपमध्ये ९० टक्के हजेरी लागते. हा नियम मुलांना त्रास द्यायला केलेला नाही. काड्यांची जुडी कधी काढायची हे समोर मूल बसल्याशिवाय शिकता येत नाही. आणि खासगी शाळेतली तुमची चार वर्षं ही इंटर्नशिप धरली जात नाही. इंटर्नशिपमध्ये कोणीतरी मागे बसून तुमचा पाठ बघतं, टिपून ठेवतं, नंतर त्यावर बोलतं. नोकरीत बहुतेक वेळा वर्गाचं दार लोटलेलं असतं आणि चूक असली तरी तीच वर्षानुवर्षं पक्की होत जाते. अतिथी शिक्षकांचंही, म्हणजे सरकारी शाळेत तात्पुरते नेमलेल्यांचंही, असंच. तीन सत्रं आणि २०० दिवस भरले की भरतीत राखीव जागांचा लाभ मिळतो, पण पात्रता ती वेगळीच लागते.

नोकरीत राहून डी.एल.एड. करायची सोय एकदा खरोखर होती. ऑगस्ट २०१७ मध्ये कायदा बदलून, आधीच शिकवत असलेल्या अप्रशिक्षित शिक्षकांना ३१ मार्च २०१९ पर्यंत मुदत दिली आणि एन.आय.ओ.एस.ने, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेने, त्यांच्यासाठी १८ महिन्यांचं डी.एल.एड. चालवलं. ती सवलत तेव्हा नोकरीत असलेल्यांपुरतीच होती आणि मुदतीबरोबर संपली. आज कोणी "तसंच काहीतरी" विकत असेल तर पैसे देऊ नका.

काम करत शिकायचंच असेल, तर माझ्या मते सरळ वाट उलट्या क्रमाची आहे. आधी नियमित डी.एल.एड., हजेरी लावून. जोडीला किंवा मागून पदवी. मग पात्रता परीक्षा, मग नोकरी. बी.एड. त्यानंतर. इग्नूचं, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाचं, दूरस्थ बी.एड. पाहा: तिथे प्रवेशाची अटच अशी आहे की उमेदवार प्राथमिक स्तराचा प्रशिक्षित, नोकरीत असलेला शिक्षक तरी हवा, किंवा त्याने मान्यताप्राप्त शिक्षक-प्रशिक्षण समोरासमोर वर्गात बसून केलेलं तरी हवं. म्हणजे डी.एल.एड. झालेली बाई पहिलीचा वर्ग सांभाळत बी.एड. करू शकते, आणि पुढे नववीकडे जायचं तर तीही वाट मोकळी राहते. आधी बी.एड. करून बसलेल्या मुलीला पहिलीच्या वर्गात यायचं झालं तर पुन्हा दोन वर्षं नियमित बसावं लागतं. भाचीने शेवटी तेच केलं. सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे.

आणि ज्यांचं बी.एड. आधीच झालंय त्यांनी हातपाय गाळायचं कारण नाही. सहावी ते आठवी तुमचीच आहे, वर्ग दोनची तयारी करा. फक्त आता जो सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स पुन्हा ऐकू येतोय, त्याच्या मागे लागू नका. तो ११ ऑगस्ट २०२३ च्या आधी बी.एड.वर प्राथमिकला लागलेल्या शिक्षकांसाठी आहे. त्यांच्या नोकऱ्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सुरक्षित केल्या, आणि राहिलेलं प्रशिक्षण त्यांनी या कोर्समधून पूर्ण करायचं आहे. नव्याने बी.एड. झालेल्यांना त्यातून पहिली ते पाचवीची पात्रता मिळत नाही.